शिशाचे शिपाई आणि वाढते मोल



फलकावर आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. बोटभर उंचीच्या शिपायांवर व्याख्यान देण्यासारखे काय आहे, ही शंका रास्तच आहे. पण आपण सर्वांनी लहानपणी दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केला आहे आणि मावळे कमी पडले म्हणून आईपाशी पैशांचा हट्टही धरला आहे. ज्यांना तो हट्ट आठवतो त्यांना आम्ही सांगणार आहोत ती तक्रार परकी वाटणार नाही. ती इंग्लंडातली आहे, आणि ती करणाऱ्यांत पुष्कळजण चाळिशी ओलांडलेले आहेत, एवढाच फरक.

प्रथम हा खेळ समजून घेऊ. मेजावर टेकड्या, झाडी, घरे मांडायची. दोन्ही बाजूंनी रंगवलेले शिपाई उभे करायचे. फूटपट्टीने अंतर मोजून ते पुढे सरकवायचे आणि फासे टाकून चकमकीचा निकाल लावायचा. याचा पूर्वज प्रशियात सापडतो. तेथे १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने लष्करी शिक्षणासाठी असा खेळ नियमबद्ध केला. त्याला घरगुती रूप दिले ते कादंबरीकार एच. जी. वेल्स ह्यांनी, १९१३ सालच्या 'लिटल वॉर्स' ह्या पुस्तकात.

वेल्सना हा खेळ जमिनीवर मांडता आला, त्याचे एक कारण साधे होते. १८९३ साली विल्यम ब्रिटन ह्या इंग्रज कारखानदाराने शिशाचे शिपाई आतून पोकळ ओतण्यास प्रारंभ केला. धातू कमी लागला, किंमत उतरली, आणि भरीव जर्मन शिपायांची इंग्लंडातली सद्दी संपत गेली. पुढे १९५९ पासून एअरफिक्स कंपनीने मऊ प्लॅस्टिकचे इंचभर शिपाई बाजारात आणले, तेव्हा मोजक्या पैशांत पलटणीच्या पलटणी उभ्या राहू लागल्या. हा छंद वाढला तो स्वस्ताईच्या आधाराने, हे ध्यानात ठेवावे. म्हणूनच आजची महागाई त्याच्या मुळावर येते.

ह्या व्यवसायातील आजचे सर्वांत मोठे नाव म्हणजे नॉटिंगहॅमची 'गेम्स वर्कशॉप'. १९७५ साली तिघा मित्रांनी लंडनमध्ये तिचा आरंभ केला. १९८३ साली तिचा 'वॉरहॅमर' हा खेळ निघाला, आणि १९८७ साली दूरच्या भविष्यकाळातील युद्धांचा 'वॉरहॅमर ४०,०००'. त्या सुमारास ३० प्लॅस्टिकच्या शिपायांची एक पेटी ९ पौंड ९५ पेन्सला मिळे, म्हणजे शिपायामागे सुमारे ३३ पेन्स. आज त्याच जातीच्या १० शिपायांच्या पेटीला ३० पौंडांहून अधिक मोजावे लागतात. शिपाई ३ पौंडांच्या पुढे गेला, म्हणजे नऊपटीहून महागला. त्याच काळात इंग्लंडातील सर्वसाधारण किरकोळ भाव वाढले ते साडेतीन ते चारपट. छंदिष्टांच्या कुरकुरीला आधार आहे तो इतका.

परंतु एकाच बाजूचे ऐकून न्याय देणे बरे नव्हे. कंपनीचे म्हणणेही ऐकले पाहिजे. १९८७ चा शिपाई ओबडधोबड होता, आजचा आकाराने मोठा आणि कोरीवकामात सरस आहे. त्याचा पोलादी साचा करायला मोठा खर्च येतो. शिवाय कंपनी आपले शिपाई परदेशी न करवता नॉटिंगहॅममध्येच करते आणि तेथल्या कामगारांना तेथले वेतन देते. हे सर्व खरे आहे. पण साच्याचा खर्च एकदाच होतो, आणि त्यातून पडणाऱ्या प्रत्येक शिपायाला लागणारे प्लॅस्टिक अगदी किरकोळ असते. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडनच्या शेअरबाजारातील पहिल्या १०० कंपन्यांत जाऊन बसली. ती नाइलाजाने भाव वाढवते असे म्हणणे त्यामुळे कठीण होते.

मग गिऱ्हाईक दुकान का बदलत नाही? भाजी महागली की आपण पलीकडच्या गाळ्यावर जातो. येथे तसे का होत नाही? आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. एकटा माणूस हा खेळ खेळू शकत नाही. त्याला समोर भिडू लागतो, आणि भिडू ज्या नियमांनी खेळतो त्याच नियमांनी ह्याला खेळावे लागते. 'वॉरहॅमर ४०,०००' च्या नियमांच्या नव्या आवृत्त्या २०१७, २०२०, २०२३ अशा दर तीन वर्षांनी निघाल्या. आवृत्ती बदलली की पुस्तक नवे घ्यायचे, आणि कालची बलाढ्य पलटण आज लुळी ठरली की तिच्या जागी दुसरी उभारायची. दहा वर्षे रात्री जागून, भिंग लावून रंगवलेली सेना मोडीत टाकवत नाही आणि खेळात आणवत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतो ते प्लॅस्टिकसाठी थोडे आणि संगतीसाठी फार. संगतीची किंमत दुसऱ्याने ठरवावी, ही त्याची खरी बोच आहे.

आपल्याकडेही हा नाद असलेली मंडळी आहेत, आणि त्यांना दुहेरी भार सोसावा लागला. आयात खेळण्यांवरील मूळ जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर नेली गेली. देशी कारागिराला आधार मिळावा हा त्यामागचा हेतू होता. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण विलायतेत जो शिपाई महाग, तो येथे चैनीची वस्तू होऊन बसतो.

उपाय काय? आता घरच्या मेजावर राळेचे शिपाई छापणारी यंत्रे आली आहेत. इतर कंपन्यांचे शिपाई आणि फुकट मिळणारे नियमही आहेत. परंतु कंपनीच्या स्वतःच्या दुकानातील सामन्यांत तिचेच शिपाई चालतात, तेव्हा यंत्राने अर्धाच प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा चार मित्रांनी एकत्र बसून सोडवायचा आहे. वेल्सनी नियम पुस्तकात छापून मोकळे केले. शिपाई कोणाचे घ्यावेत, ह्यावर कोणाची सक्ती नव्हती. जुन्या आवृत्तीचे पुस्तक दुधासारखे नासत नाही. चौघांनी ठरवले की आपण २०१७ च्याच नियमांनी खेळू, तर त्यांना अडवायला नॉटिंगहॅमहून कोणी येणार नाही.

हे बोलणे सोपे आणि करणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. चौघांतला एक नव्या पेटीच्या मोहात पडतो, दुसरा गाव सोडून जातो आणि मंडळ मोडते. तरीही प्रयत्न करावा, कारण प्रश्न चाळिशीतल्या गृहस्थांचा नाही. ते कुरकुरतील आणि विकत घेतील. प्रश्न आहे तो खिशात थोडे पैसे घेऊन दुकानाच्या काचेशी उभ्या राहिलेल्या बारा वर्षांच्या मुलाचा. तो कुरकुरत नाही, मुकाट्याने निघून जातो. त्याला घरी बोलावून आपल्या जुन्या पलटणीतले वीस शिपाई उसने देणारा एखादा काका गावात असला, तर हा खेळ टिकेल.