क्षिप्रेचे पाणी आणि गाळणीचे दुखणे

सिंहस्थाचा योग आला की उज्जैनच्या रामघाटावर लक्षावधी भाविक क्षिप्रास्नानासाठी उतरतात. परंतु ते पाणी निर्मळ कसे राखावे, हा प्रश्न पंचांगाने सुटत नाही. इंदूरचे सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी शहराच्या वरच्या अंगास, त्रिवेणीपाशी, क्षिप्रेस मिळते. २०१४ साली नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेत आणण्यात आले. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी कान्हचा प्रवाह नळावाटे शहराच्या खाली वळविण्यात आला. पहिल्या उपायाने मैल विरळ होतो, दुसऱ्याने पुढे सरकतो; नाहीसा मात्र होत नाही. त्यासाठी सांडपाणी नदीस मिळण्यापूर्वीच शुद्ध झाले पाहिजे.

ह्या कामी पटलाची गाळणी मोठी गुणाची आहे. टाकीत जिवाणू वाढवून त्यांच्याकरवी मैलाचे विघटन करावयाचे आणि मग ते पाणी पटलातून ओढून घ्यावयाचे, अशी ही रीत. जपानमधील काझुओ यामामोटो व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८९ मध्ये पोकळ तंतूंची पटले टाकीतच बुडवून ती सुटसुटीत केली. पटलाची छिद्रे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असल्यामुळे गाळ व बहुतेक जिवाणू मागेच राहतात.

दुखणे आहे ते येथेच. ही पटले बहुधा ज्या प्लॅस्टिकची करतात, त्याचा स्वभाव अळूच्या पानासारखा. पाणी त्यास रुचत नाही, स्निग्ध द्रव्ये व प्रथिने मात्र चटकन चिकटतात. त्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, छिद्रे बुजतात, पाणी ओढण्यास अधिक वीज लागते. वारंवार तीव्र रसायनांनी धुतल्यास पटलाचे आयुष्य घटते.

थालीपीठ थापताना गृहिणी हात ओला करते, म्हणजे पीठ चिकटत नाही. पटलावर टिटॅनियम डायॉक्साइडच्या अब्जांश कणांचा लेप दिला असता हेच साधते. पृष्ठभाग पाणी धरून ठेवतो आणि त्या ओल्या थरामुळे मैलास सहज थारा मिळत नाही. चांदीचे कण तर जिवाणूंची वाढच रोखतात.

तथापि, लेप जाड झाला तर छिद्रेच अरुंद होतात. टिटॅनियमच्या संयुगास अतिनील किरण मिळाल्यास ते मैलाचे विघटनही करते. परंतु गढूळ टाकीत ते किरण पोहोचत नाहीत. चांदी झिजून पाण्यात उतरली, तर मैल खाणाऱ्या उपकारक जिवाणूंसही ती बाधते आणि पुढे नदीतही जाते. म्हणून लेप किती प्रभावी, एवढेच पाहून भागत नाही. वर्षानुवर्षे धुऊनही तो किती टिकतो, हे पाहावे लागते.

पुढचे सिंहस्थ २०२८ चे. लेपामुळे गाळणी तुंबण्याचा वेग मंदावेल, धुण्याचा खर्च वाचेल. तथापि पहारा आणि निगा माणसालाच करावी लागेल. तुंबलेली गाळणी ज्या दिवशी बंद पडते, त्या दिवशीचे सांडपाणी नदीकडेच वाट काढते; आणि घाटावर उतरणाऱ्या भाविकास त्याची वार्ताही नसते.