एसीचा गॅस आणि गळती

उन्हाळा तापला की गाडीच्या एसीची आठवण होते आणि गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: गॅस संपलाय, भरून घ्या. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. वर्षानुवर्षांत रबरी होजमधून थोडा झिरपतो, हे खरं. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर मात्र गळती आहे.

आधी एसीच्या जाळीसमोर हात धरा. हवाच कमी येतेय, की भरपूर येते पण कोमट? हवा कमी असेल तर गॅसचा विचार नंतर. बहुतेक नव्या गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे एसी फिल्टर असतो. तो धुळीनं, पाल्यानं काळा झाला असेल तर बदला. हे काम घरीही जमतं. साध्या नॉबच्या गाडीत ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरावर चालत असेल, तर बहुधा त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळालेला असतो. त्यासाठी अख्खा ब्लोअर बदलू नका.

सिग्नलला कोमट आणि हायवेवर थंड हवा येत असेल, तर गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर आणि त्याचा पंखा बघायला सांगा. कंडेन्सर हलक्या पाण्यानं धुवावा, जोराच्या फवाऱ्यानं त्याची पातळ पाती वाकतात.

आता गळती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, म्हणून गळत्या सांध्यावर अनेकदा तेलकट धूळ चिकटलेली दिसते. चांगला मेकॅनिक नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचं पाणी लावून जागा शोधतो. मग सील, पाइप किंवा कूलिंग कॉइल, जे खराब असेल ते बदलायचं. सिस्टीम उघडली की ड्रायरही नवा हवा, कारण तो आतला ओलावा शोषून घेतो. त्यानंतर अर्धा तास तरी व्हॅक्यूम लावून आतली हवा आणि ओलावा काढायचा. ही पायरी घाईत गाळली, तर आत राहिलेलं पाणी कॉम्प्रेसर खातं.

लहान गाडीत साधारण अर्धा किलो गॅस मावतो. नेमकं वजन बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. जास्त भरला तरी एसी थंड होत नाही. शिवाय गळती वातावरणालाही महागात पडते: आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक प्रभावी आहे.

तेव्हा यंदा पैसे देण्याआधी विचारा, 'गळती कुठे सापडली?' आणि गॅस आपल्यासमोर वजन करूनच भरून घ्या.