सावलीला स्वतःचं नाव देणारा मुलगा



मुलांची अद्भुतरम्य कादंबरी अभ्यासाला घेतली की वहीत दोन रकाने आखले जातात. एकात कथासूत्रं, दुसऱ्यात पात्रांचे गुणदोष. नायकापुढे ‘महत्त्वाकांक्षी’, गुरूपुढे ‘शांत’ असं लिहिलं की अभ्यास संपला. या पद्धतीबद्दल माझी तक्रार आहे. कसदार कादंबरीत सूत्र पात्राच्या वागण्यात मुरलेलं असतं. तिथून उपटलं की हाती नुसतं सुभाषित उरतं. आज एकाच पुस्तकाच्या आधारे मी हे मांडणार आहे. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची १९६८ साली प्रसिद्ध झालेली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’.

ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर नामवंत मानववंशशास्त्रज्ञ होते. वेगवेगळ्या लोकांच्या चालीरीती, समजुती, कथा यांची चर्चा त्या घरात नेहमीची. लेखिकेला एक साधा प्रश्न पडला होता. गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारे. मग ते तरुणपणी कसे होते आणि ही विद्या शिकले कुठे? या प्रश्नातून गेड जन्मला. गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावरचा, काशाचं काम करणाऱ्या कारागिराचा, आईविना वाढलेला मुलगा. मावशी गावातली चेटकीण. तिच्या तोंडून ऐकलेले शब्द म्हणून तो शेळ्या बोलावतो आणि शेळ्या खरंच धावत येतात. तिथून त्याला शक्तीची चटक लागते.

कादंबरीतल्या या जगात प्रत्येक वस्तूचं आणि माणसाचं एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं, त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. म्हणून लोक खरं नाव लपवतात आणि टोपणनावाने वावरतात. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. अभिवादन करताना सांगायचं नाव उपनयनापर्यंत फक्त आईवडिलांना ठाऊक असावं, असं आश्वलायन गृह्यसूत्र सांगतं. गेडलाही त्याचं खरं नाव तेराव्या वर्षी, ओगियन या गुरूकडून मिळतं.

ओगियनपाशी जरा थांबायला हवं. या माणसाने एकदा भूकंप शांत केलेला आहे. गेडला वाटतं, आता रोज नवा मंत्र शिकायला मिळेल. गुरू मात्र त्याला डोंगरातून पायी फिरवतो, झाडपाला ओळखायला लावतो, आणि पाऊस आला की ज्याला ढग सहज वळवता आले असते असा हा माणूस झाडाखाली निमूट भिजतो. मुलगा चिडतो. ‘शक्ती आणि संयम’ हे कादंबरीचं सूत्र म्हणून फळ्यावर लिहिता येईल, पण भिजणारा ओगियन आणि त्याच्या शेजारी धुमसणारा गेड हे चित्र मुलाला जे देतं, ते त्या दोन शब्दांत मावत नाही.

गेड ओगियनला सोडून रोक बेटावरच्या जादूगारांच्या विद्यालयात जातो. तिथे जॅस्पर हा उमराव घरातला, नेटका, टोमणे मारणारा मुलगा त्याला डिवचतो. व्हेच हा साधा, भक्कम मित्र त्याला सांभाळू बघतो. ईर्ष्येपोटी गेड मेलेल्या स्त्रीचा आत्मा बोलावतो. जगाला पडलेल्या त्या चिरेतून एक काळी सावली बाहेर येते आणि त्याचा चेहरा फाडते. ती चीर बुजवताना विद्यालयाच्या वृद्ध प्रमुखाचा जीव जातो. जॅस्परला मात्र पुढे कोणतीही नाट्यमय शिक्षा होत नाही. तो जादूगाराची काठी न मिळवताच निघून जातो आणि कथेतून पुसला जातो. हे मला फार मोलाचं वाटतं. लेखिकेला खलनायक नकोच होता. जॅस्परने डिवचलं, पण हात गेडचा होता.

आता माझ्या मते पुस्तकातला सर्वांत समृद्ध प्रसंग. पेंडॉर बेटावर येवॉड नावाचा जुना ड्रॅगन आहे. गेड त्याचं नाव जुन्या इतिहासातून ताडतो आणि त्या नावाने त्याला बांधतो. ड्रॅगन सौदा मांडतो: तुझ्या मागावर असलेल्या सावलीचं नाव मी सांगू शकतो. नाव कळलं तर गेड वाचणार, नाही तर कदाचित मरणार. आणि गेड काय मागतो? ज्या कोळ्यांनी त्याला ठेवून घेतलं, त्यांच्या बेटांकडे ड्रॅगनने कधी फिरकायचं नाही, एवढंच वचन. रोकवरचा गर्विष्ठ मुलगा इथे बदललेला आहे, आणि तो बदल लेखिकेने कुठेही शब्दांत सांगितलेला नाही. त्याच्या मागणीवरून तो आपल्याला कळतो.

पुढे ओगियनच त्याला सांगतो की पळू नकोस, उलटा फिर आणि सावलीचा माग काढ. व्हेच त्याच्या होडीत बसतो. त्याने आपलं खरं नाव गेडला कधीच सांगून टाकलेलं आहे. त्या जगात यापेक्षा मोठा विश्वास नाही. अखेर समुद्रापार गेड आणि सावली समोरासमोर येतात आणि दोघं एकाच क्षणी एकच नाव उच्चारतात: गेड. लढाई होत नाही, कुणी मरत नाही. मानसशास्त्रज्ञ युंग यांच्याशी या सावलीचं नातं अनेकांनी जोडलं आहे. ले ग्विन यांनी स्वतःही पुढे त्यावर निबंध लिहिला, पण कादंबरी लिहिताना युंग वाचलेला नव्हता असं त्यांनी सांगितलं आहे.

पुस्तकाचा एक दोष मात्र मी झाकणार नाही. इथे विद्या पुरुषांची. बायकांची जादू हलकी किंवा वाईट, अशी म्हणच त्या बेटांवर आहे. पुढे ले ग्विन यांना हे खुपलं आणि १९९०च्या ‘तेहानू’त त्यांनी याच जगाकडे एका विधवा शेतकरी बाईच्या नजरेने पाहिलं. वर्णाच्या बाबतीत मात्र त्या पहिल्यापासून स्पष्ट होत्या. गेड तांबूस-तपकिरी, व्हेच काळा, गोरे आहेत ते धाड घालणारे कार्ग लोक. तरी मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षं गोरा गेड छापला गेला, आणि २००४च्या दूरचित्रवाणी मालिकेतही तेच झालं, तेव्हा त्यांनी जाहीर लेख लिहून निषेध केला.

इथे बसलेल्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. सातवी-आठवीतल्या ज्या मुलांना इंग्रजी झेपतं त्यांना हे पुस्तक द्या. बाकीच्यांना गोष्ट मराठीत सांगा. शेवटी ‘तात्पर्य काय’ हा प्रश्न विचारू नका. ड्रॅगनच्या सौद्यापाशी पुस्तक मिटवा, तू काय मागितलं असतंस एवढंच विचारा, आणि मूल बोलेल ते मध्ये न बोलता ऐकून घ्या.