पडलेल्या फणसाचं पुढे काय?

पावसाळ्यात फणस कोसळला की कोकणात पूर्वी सुताराला निरोप जायचा. आता बहुतेक ओंडके थेट सरपणात जातात, आणि हे नुकसानच आहे. फणसाचं ताजं लाकूड पिवळंजर्द असतं, काळानुसार तांबूस-तपकिरी होत जातं आणि वाळवीला सहसा दाद देत नाही. जुन्या घरांचे खांब, दारं, देव्हारे त्याचेच. दक्षिणेत मृदंगाचं खोडही याच लाकडातून कोरतात.

आंब्याचं तसं नाही. त्याला भुंगेरा आणि बुरशी चटकन धरते. ओंडका लवकर चिरून फळ्या बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवल्या, तर घरातलं फर्निचर खुशाल करावं. सावंतवाडीचे कारागीर तर हलक्या पांगाऱ्यातूनही (कुंपणाचं झाड!) रंगीत खेळणी घडवतात.

शहरातल्या पर्जन्यवृक्षाला मात्र कोणी विचारत नाही. हवाई बेटांवर त्याचेच वाडगे पर्यटक हौसेने विकत घेतात.

उभा आंबा किंवा फणस तोडायला १९६४ च्या राज्य कायद्यानुसार परवानगी लागते. पुढची अडचण सुकवण्याची. ओंडक्याच्या टोकांना मेण किंवा रंग लावायचा, फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून सावलीत थप्पी रचायची. उघड्या हवेत जाडीच्या दर इंचाला साधारण १ वर्ष धरावं.