पोलीसप्रमुख गांजाच्या पेढीवर

कॅनडातील टोरांटोचे पोलीसप्रमुख ज्युलियन फँटिनो यांचा एके काळी मोठा दरारा होता. गांजाला मोकळीक देण्याची गोष्ट निघाली, तेव्हा मग खुनालाही मोकळीक देता येईल, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी २००४ साली काढले होते. पुढे ते संसदेत व मंत्रिमंडळात गेले. ते मंत्री असतानाच, २०१२ मध्ये, विक्रीसाठी गांजाची सहा रोपे लावणाऱ्यालाही किमान सहा महिन्यांची कैद ठरविणारा कायदा संमत झाला.

आणि २०१७ साली हेच गृहस्थ औषधी गांजाच्या व्यवसायात उतरले! सोबतीला राष्ट्रीय पोलीसदलाचे माजी उपायुक्त राफ सुकार. कंपनीचे नाव अलीफिया. माजी सैनिकांच्या खात्याचे मंत्री असताना या वनस्पतीने जायबंदी सैनिकांच्या वेदना शमतात असे कळले, हे त्यांचे स्पष्टीकरण. मनुष्याचे मत बदलू नये असे कोण म्हणेल? परंतु मत बदलले ते नेमके बाजार उघडण्याच्या वेळी, हे लोकांच्या नजरेतून सुटले नाही.

१७ ऑक्टोबर २०१८ रोजी देशभर विक्री खुली झाली. जमिनी, काचघरे, परवाने यांत अमाप भांडवल ओतले गेले. भाव मात्र कोसळले. जुलै २०२३ मध्ये अलीफियाने धनकोंपासून न्यायालयाचे संरक्षण मागितले.

तिकडे, केवळ गांजा बाळगल्याबद्दल पूर्वी शिक्षा झालेल्यांसाठी २०१९ साली निःशुल्क माफीच्या अर्जाची सोय झाली. गुन्ह्याची नोंद समूळ पुसण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हती.