आहारदान आणि शेजारधर्म
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



अक्षय तृतीयेची कथा जैन घरातील लहान मुलासही ठाऊक असते. दीक्षेनंतर भगवान ऋषभदेव आहारासाठी नगरोनगरी फिरले. प्रजेची भक्ती अपार होती. कोणी रत्ने पुढे केली, कोणी हत्ती-घोडे आणून उभे केले, कोणी कन्या अर्पण करू लागले. आहार मात्र कोणी दिला नाही, कारण तो द्यावयाचा असतो हेच कोणास ठाऊक नव्हते. अखेर हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने इक्षुरस दिला आणि पारणे घडले. लोकांनी दिले ते स्वतःस मौल्यवान वाटणारे. समोरच्यास काय हवे, हे एकासच उमगले. वऱ्हाडात आज भुकेल्या शेजाऱ्यासाठी काही करावयाचे तर प्रश्न नेमका हाच आहे.

वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, असे जुने लोक म्हणत. त्याच वऱ्हाडाने संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा, भीषण दुष्काळ सोसला. रेल्वे तर १८६० च्या दशकातच येथे पोहोचली होती आणि परप्रांतीचे धान्य येऊ शकत होते. परंतु ज्याच्या हातास काम नाही व गाठीस पैसा नाही, त्याने बाजारातील पोती केवळ पाहावीत. कापूस पिकविणाऱ्या भूमीची ही जुनी व्यथा आहे. कापूस विकावा तेव्हा चूल पेटते.

आज उपासमारीचे स्वरूप तसे राहिलेले नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला. प्राधान्य कुटुंबास दरमाणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य ठरले आणि १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले. हे कार्य प्रचंड आहे. कोणत्याही ट्रस्टने त्याच्याशी बरोबरी करण्याच्या भरीस पडू नये. परंतु रेशनच्या त्या पिशवीत मुख्यतः गहू आणि तांदूळ असतात. २०२२ च्या दिवाळीत शासनाने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर व पामतेल दिले, ते सणापुरते. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना, ज्यांत अमरावती व अकोला दोन्ही येतात, २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळे. २०२३ पासून त्याऐवजी बँक खात्यात रक्कम जमा होऊ लागली, प्रारंभी दरमाणशी महिना १५० रुपये. तेवढ्यात किराणा दुकानातून काय घरी येते, हे व्यापारी समाजास वेगळे सांगावयास नको. आणि दैवदुर्विलास असा की, अकोल्याच्या डाळ गिरण्यांतून तुरीची डाळ दूरदूरच्या बाजारांत जाते. जिल्ह्यातील शेतमजुराच्या ताटात मात्र वरण पातळ होत जाते.

तेव्हा गव्हाच्या घरात पुन्हा गव्हाचे पोते नेऊन टाकण्यात अर्थ नाही. डाळ, तेल, मीठ, तिखट, गूळ हीच खरी उणीव आहे.

या बाबतीत गुरू शोधण्यास वऱ्हाडाला दूर जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या संत गाडगे बाबांनी आपल्या शिकवणुकीत भुकेल्यास अन्न हे पहिले कर्तव्य मानले. पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत अंध-अपंगांना त्यांनी जेवू घातले. कीर्तनातून लक्षावधी रुपये उभे करणारा हा पुरुष स्वतः मडक्याच्या खापरात भाकर घेई. मुंबईत त्यांची दृष्टी जे. जे. रुग्णालयातील आजाऱ्यांच्या नातेवाइकांकडे वळली आणि त्यांच्यासाठी धर्मशाळा उभी राहिली. अमरावतीचे इर्विन आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय यांच्या आवारात आजही तेच दृश्य आहे. रुग्णास आतून जेवण मिळते. धारणी-चिखलदऱ्याहून त्याच्यासोबत आलेल्या, मजुरी बुडवून बसलेल्या माणसाचे काय? २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीने दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण व भात दिला आणि टाळेबंदीत तिचा दर पाच रुपये झाला. परंतु ती दुपारची सोय होती. रात्र मोठी असते.

येथे जैन संस्थेपुढे एक खरी अडचण येते. सूर्यास्तानंतर संस्थेची चूल पेटत नाही आणि पेटूही नये. मग संध्याकाळी पाच वाजता बांधून दिलेली भाकरी-चटणी घेणारा रात्री नऊला खाईल, त्याचा दोष कोणास? काही वडीलधारी मंडळींना हा प्रश्न अस्वस्थ करतो, आणि त्यांची अस्वस्थता हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तरीही व्रत देणाऱ्याचे असते. ते घेणाऱ्यावर लादले की त्याची अट होते. अनुकंपादानात पात्रापात्र पाहू नये असे शास्त्रकार सांगतात, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट लाजेची. तेराव्या शतकात कच्छच्या भद्रेश्वरचे श्रेष्ठी जगडूशाह यांनी दुष्काळात धान्याची कोठारे खुली केली, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या चरित्रात आणखी एक उल्लेख येतो: जी कुलीन माणसे हात पसरू शकत नव्हती, त्यांच्यासाठी आत सुवर्णनाणे घातलेले लाडू वाटले जात, त्यांस ‘लज्जापिंड’ म्हटले आहे. आजही दुकान बुडालेले साधर्मिक कुटुंब पंगतीस येत नाही, आणि नापिकीने खचलेला शेतकरी छायाचित्रकारासमोर पिशवी धरून उभा राहू इच्छित नाही. फलक आणि छायाचित्रे उद्घाटनापुरती ठेवावीत.

आता काळाचा विचार. महावीर जयंतीचे अन्नदान चैत्रात होते, तेव्हा गहू-हरभरा नुकताच घरात आलेला असतो. पैसा व धान्य दोन्ही संपतात ते पेरणीनंतर, आषाढापासून कापूस वेचणीस येईपर्यंत. नेमका तोच चातुर्मास! उपवास, आयंबील आणि उनोदरी याच दिवसांत घरोघरी चालतात. उपवासाने वाचलेला शिधा त्याच आठवड्यात संस्थेच्या कोठीत आला, तर निराळ्या वर्गणीची गरज फारशी उरणार नाही.

मात्र पावसाळ्यात साठवणीच्या धान्यास कीड लागते आणि कीड लागलेले धान्य म्हणजे जीवहिंसा. म्हणून साठा एका महिन्याचाच असावा, डाळीस एरंडेलाचा हात फिरवावा, आणि जुना माल आधी बाहेर काढावा. हा दुकानदारीचा साधा नियम आहे. वहीत आवक-जावक रोजच्या रोज उतरावी. घेणाऱ्या कुटुंबास क्रमांक द्यावा. अंकेक्षकास तेवढा पुरतो. नावांची यादी एकाच विश्वस्ताकडे, कुलुपात असावी.