लंडनमधील पायपीट

छत्तीसगडमधील रायपूर शहराच्या उत्तरेस उरला नावाची औद्योगिक वसाहत आहे. मराठी कानाला हे नाव क्रियापदासारखे ऐकू येते, आणि महिनाअखेरीस हाती काय उरले याचा हिशेब करणाऱ्या माणसांच्या वस्तीला ते शोभूनही दिसते. पोलादाच्या कारखान्यात पाळीवर जाणारा येथील कामगार खोली घेताना भाड्याबरोबर अंतरही मोजतो. दूरची खोली स्वस्त पडते, पण वाचलेले भाडे रिक्षात जाते. जवळची महाग असते, पण पाय चालते ठेवले की तेवढ्यावर भागते. भोसल्यांच्या अमलापासून रायपूरच्या परिसरात मराठी घरे नांदत आली आहेत. अशा एखाद्या घरातला मुलगा उद्या शिक्षणासाठी लंडनला निघाला, तर त्याला हेच गणित तेथे नव्या आकड्यांनी मांडावे लागेल. ते ज्याने काटेकोरपणे मांडले असा एक विद्यार्थी शंभर वर्षांपूर्वी तेथे होऊन गेला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

आंबेडकर प्रथम १९१६ साली लंडनला गेले. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे दुसऱ्याच वर्षी त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी काही पैसा साठविला, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य मिळविले आणि १९२० साली ते पुन्हा निघाले. या खेपेस पैसा संपण्यापूर्वी अभ्यास संपवावयाचा होता. तिकडे रुपयाचे मोलच ठिकाणावर नव्हते. १९२० च्या प्रारंभी एका रुपयाला अडीच शिलिंगांहून अधिक मिळत. १९२१ मध्ये सव्वा शिलिंगाच्या आसपास मिळू लागले. म्हणजे भारतातून येणाऱ्या शंभर रुपयांचे पूर्वी साडेबारा पौंड झाले असते, तेथे आता सव्वासहा होत होते. त्याच सुमारास हा विद्यार्थी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होता! विनिमयाच्या दराचा इतका निकटचा अनुभव अर्थशास्त्राच्या फारच थोड्या अभ्यासकांना आला असेल.

१९२१-२२ मध्ये त्यांचे बिऱ्हाड १०, किंग हेन्रीज रोड येथे होते. प्रिमरोज हिल या टेकडीच्या उत्तरेकडील ही वस्ती. तेथून ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय सुमारे अडीच मैल. आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या घरापासून थोड्याच अंतरावर चॉक फार्म हे भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. ते १९०७ सालापासून चालू आहे, आणि तेथे बसलेला उतारू गाडी न बदलता टॉटेनहॅम कोर्ट रोडला उतरतो. तेथून म्युझियम हाकेच्या अंतरावर. म्हणजे वाहनाची सोय नव्हती म्हणून नव्हे, तर असूनही, भाडे वाचविण्यासाठी आंबेडकर पायी जात, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जाताना पाऊण-एक तास आणि येताना तेवढाच. सकाळी घरमालकिणीने दिलेली बेताची न्याहारी आणि रात्री भूक अनावर झाली की भाजलेला पापड, एवढ्यावर ही पायपीट चाले. ज्याला दिवसाचे सर्व तास वाचनासाठी अपुरे पडत होते, त्याने रोजचे दीड-दोन तास चालण्यात घालवावे, यातच त्या पैशाची किंमत कळते.

तथापि या व्यवस्थेत एक शहाणपणही होते. म्युझियमला पोहोचल्यावर त्यांचे बाकीचे लंडन फार लहान होते. स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ऑल्डविचजवळ आणि बॅरिस्टरीचे ग्रेज इन हॉबर्नच्या बाजूस; म्युझियम धरून या तीन ठिकाणांमधील अंतरे पाऊण मैलाच्या आसपास. व्हाइटहॉलमधील इंडिया ऑफिसचे ग्रंथालयही तेथून फार दूर नव्हते. लांब होते ते केवळ बिऱ्हाड. दिवसातून दोनदा मोठा पल्ला आणि मधल्या सर्व फेऱ्या पायाखालच्या, असे ते आखीव आयुष्य होते. त्यांच्यापूर्वी, १८८८ ते १८९१ या काळात तेथे शिकत असलेल्या गांधीजींनीही हाच उपाय योजिला होता. कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोहोचता येईल अशाच खोल्या त्यांनी निवडल्या; त्यामुळे भाडे वाचले आणि रोज आठ-दहा मैलांचे चालणे घडले, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे ज्यांचे इतके मतभेद झाले, त्या दोन पुरुषांचे निदान लंडनच्या भाड्याबाबत एकमत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आजच्या विद्यार्थ्याला इतके कष्ट करावे लागत नाहीत. पण हिशेब चुकल्यास पैसा आजही झपाट्याने जातो. हीथ्रो विमानतळावर उतरताच पहिली परीक्षा असते. तेथून शहरात नेणारी जलद गाडी महाग आहे. भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली मार्गावरील साधी गाडी तासभर घेते, पण पुष्कळ स्वस्त पडते. २००३ साली सुरू झालेले ऑइस्टर कार्ड किंवा स्पर्शाने पैसे देणारे बँकेचे कार्ड वापरल्यास सुट्या कागदी तिकिटापेक्षा कमी भाडे पडते, आणि दिवसाचा आकार एका ठरलेल्या मर्यादेपलीकडे जात नाही. भुयारी रेल्वेत चढताना व उतरताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवावे. उतरताना विसरणाऱ्याकडून जबर आकार घेतला जातो. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात या वेळांत रेल्वेचे भाडे चढते.

बसचे तसे नाही. ती गर्दीच्या वेळीही त्याच दरात नेते, आणि २०१६ पासून अशी सवलत आहे की पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात दुसरी बस धरल्यास पुन्हा पैसे पडत नाहीत. २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे मात्र स्वीकारीत नाहीत. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढचे आसन मिळाले, तर राजधानीचे दर्शन त्याच भाड्यात घडते. त्यासाठी सहलीच्या गाडीला वेगळे पैसे मोजणे म्हणजे उधळपट्टी होय.

नवख्याला सर्वात अधिक फसवितो तो नकाशा. हॅरी बेक या आरेखकाने तयार केलेला भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ साली लोकांच्या हाती आला. तो वाचावयास सोपा आहे, कारण त्यात अंतरांचे प्रमाणच पाळलेले नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्थानके त्यात चांगली दूर दिसतात. जमिनीवर त्यांच्यात पाव किलोमीटरहून थोडेसेच अधिक अंतर आहे. तरीही तेवढ्यासाठी जमिनीखाली उतरून पूर्ण भाडे देणारे प्रवासी रोज आढळतात. रस्त्यांचा साधा नकाशा जवळ बाळगणाऱ्याचे पैसे येथेच वाचतात.

किंग हेन्रीज रोडवरून आजही दोन वाटा निघतात. एक टेकडी ओलांडून रीजंट्स पार्कमधून जाते. तीवरून माथ्यावर येताच सारे शहर खाली पसरलेले दिसते. दुसरी कॅम्डनच्या बाजारातून हॅम्पस्टेड रोडने सरळ खाली उतरते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले व तेथे स्मारक केले. वाचनालय मात्र जुन्या जागी राहिले नाही. म्युझियमच्या गोल दालनातील ग्रंथ १९९० नंतरच्या दशकात यूस्टन रोडवरील ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत गेले. त्यामुळे आजच्या वाचकाचा पल्ला आंबेडकरांच्या पल्ल्यापेक्षा कमी झाला आहे, आणि वाचकाचा परवाना आजही विनामूल्य मिळतो.

आंबेडकरांनी आपला प्रबंध १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये सादर केला. परीक्षकांनी त्यात फेरफार सुचविले. ते लंडनमध्ये राहून करावेत तर हाती पैसा उरला नव्हता. म्हणून १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, तेथेच प्रबंध पुन्हा लिहून काढला आणि तो लंडनला पाठवून दिला. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांना डी. एस्‌सी. ही पदवी मिळाली.